पाकिटाच्या डिंकाला पाणी लागते, ते बरेच आहे

डिंकाच्या पाकिटाबद्दल एकच तक्रार सगळीकडे ऐकू येते, ती म्हणजे त्याला पाणी लागते. वरची पट्टी ओढली की लगेच चिकटणारी पाकिटे सहज मिळत असताना ओला स्पंज शोधा, फ्लॅपवरून फिरवा, मग दाबून धरा, हा खटाटोप करायचा कोणी आणि कशासाठी, असा प्रश्न लोक विचारतात आणि तो वरवर पाहता रास्तही वाटतो. टपालाच्या कामाशी बराच संबंध आल्यानंतर माझे मत मात्र उलट दिशेने पक्के होत गेले. या पाकिटाचे बहुतेक सगळे गुण त्याला पाणी लागते म्हणूनच आहेत, आणि ते कसे, हे सांगण्यासाठी आधी तो डिंक नेमके काय करतो हे पाहावे लागेल.

नवे पाकीट हातात घेऊन त्याचा फ्लॅप दिव्याकडे तिरका धरला की काठालगत एक चकचकीत पट्टा दिसतो. बाकीचा कागद निस्तेज आणि किंचित खरखरीत असतो. हा पट्टा मात्र बोटाला गुळगुळीत लागतो. त्यावर कोरडे बोट कितीही दाबले तरी ते चिकटत नाही, धूळ बसली तर फुंकरीने उडून जाते आणि पाकिटांचा गठ्ठा घट्ट बांधून ठेवला तरी एक पाकीट दुसऱ्याला धरत नाही. आणखी नीट पाहिले तर हा पट्टा बहुधा फ्लॅपच्या दोन्ही टोकांपर्यंत नेलेला नसतो, कडेला थोडी जागा कोरी सोडलेली असते. ही जागा चुकून राहिलेली नसते. पाकीट बंद झाल्यावर पत्र फोडण्याची सुरी त्याच फटीतून आत सरकते, आणि ओला डिंक कडेबाहेर ओघळून शेजारच्या पाकिटाला लागण्याचा धोकाही त्यामुळे कमी होतो.

हा कोरडा पट्टा घन असला तरी स्फटिकासारखा नसतो. त्याचे लांबलांब रेणू एकमेकांत गुंतून काचेतल्यासारखे जागच्या जागी थिजलेले असतात. त्यांना हलता येत नाही, म्हणून समोरच्या कागदाच्या खाचाखोचांत शिरता येत नाही, आणि म्हणूनच कोरड्या डिंकाला चिकटपणा नसतो. पाणी मिळाले की हे चित्र पालटते. पाण्याचे लहान रेणू या साखळ्यांच्या मध्ये जाऊन बसतात, त्यांची आपापसांतली पकड ढिली करतात आणि थिजलेला थर काही क्षणांत दाट, चिकट द्रवासारखा वागू लागतो. उष्णता न देता, कोणतीही रासायनिक प्रक्रिया न घडवता, नुसत्या ओलाव्याने एक निद्रिस्त पदार्थ कामाला लागतो.

फ्लॅप खाली दाबल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. डिंक कागदात शिरतो आणि पाणी डिंकातून निघून जाते. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे असते आणि त्या जाळ्यात हवेच्या असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. मऊ झालेला डिंक या पोकळ्यांत ओढला जातो आणि तंतूंना वेढून बसतो. पाणी मात्र डिंकाच्या पुढे धावते, कारण त्याचे रेणू लहान आहेत आणि कोरड्या तंतूंना पाण्याचे मोठे आकर्षण आहे. सांध्यातले पाणी दोन्ही बाजूंचा कागद असे शोषून घेतो की मागे उरलेला डिंक झपाट्याने घट्ट होऊ लागतो. पाकीट हातातून खाली ठेवेपर्यंत फ्लॅप धरून राहतो तो यामुळेच. हवेत वाळण्याची क्रिया पुढे बराच वेळ सावकाश चालू राहते, आणि सांध्याला त्याची पूर्ण ताकद तेव्हा येते.

या सगळ्यात मला सर्वांत रंजक वाटते ती कागद आणि डिंक यांची सोयरीक. पाकिटांसाठी वापरला जाणारा डेक्स्ट्रिन नावाचा डिंक स्टार्चपासून बनतो, स्टार्च ग्लुकोजच्या कड्या जोडून बनलेला असतो, आणि कागदातला सेल्युलोजही ग्लुकोजच्याच कड्यांचा असतो. फरक असतो तो कड्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत एवढाच. दोघांच्याही अंगावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या जागोजाग असतात. पाणी निघून गेल्यावर डिंकाच्या जोड्या आणि कागदाच्या जोड्या इतक्या जवळ येतात की त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. असा एकेक बंध दुबळा असतो, पण त्यांची संख्या अफाट असते. म्हणजे डिंक कागदाला नुसता बाहेरून धरत नाही, वाळल्यावर तो जवळजवळ कागदाचाच एक भाग होतो.

याचा पुरावा पाहायचा असेल तर नीट बंद केलेले पाकीट पूर्ण वाळू द्यावे आणि फ्लॅप हळूहळू उचकटून पाहावा. सांधा सुटत नाही, कागद फाटतो. फाटलेल्या जागी वरचा पापुद्रा निघून येतो, आतले पांढरे तंतू केसांसारखे उभे राहतात आणि जिथे फ्लॅप चिकटला होता तिथे दुसऱ्या बाजूच्या कागदाचा पातळ थर अडकून बसलेला दिसतो. सांधा कागदापेक्षा मजबूत झाल्याची ही खूण आहे. पाकिटाचा डिंक चांगला की वाईट हे ठरवण्याची याहून सोपी कसोटी मला तरी माहीत नाही.

पाणी किती लावायचे, याबाबत बहुतेक तक्रारी मुळात हाताच्या असतात, डिंकाच्या नसतात. थोडक्या पाण्याने डिंकाचा केवळ वरचा पृष्ठभाग मऊ होतो; तो समोरच्या कागदाला टेकतो, पण आत शिरण्याइतका पातळ होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फ्लॅप आपोआप उघडलेला सापडतो. जास्त पाणी झाले तर डिंक विरघळून वाहून जातो, स्पंजलाच लागतो, कागद फुगतो आणि वाळल्यावर सुरकुततो. स्पंज चांगला पिळून घ्यावा, त्याला ओलावा असावा पण दाबल्यावर थेंब गळू नये, आणि तो पट्ट्यावरून एका दिशेने एकदाच फिरवावा. पुढेमागे घासल्याने डिंकाचा थर एकसारखा राहत नाही. त्यानंतर लगेच न दाबता एक क्षणभर थांबावे, म्हणजे पाणी थराच्या तळापर्यंत पोचते. मग फ्लॅप मधोमध टेकवून दोन्ही बाजूंकडे बोट ओढत न्यावे, म्हणजे कागदाला चुणी पडत नाही. बरीच पाकिटे असतील तर त्यांचे फ्लॅप एकाखाली एक उघडे मांडून, फक्त डिंकाचे पट्टे दिसतील असे पायऱ्यांसारखे रचावेत आणि सगळ्यांवरून एकदम स्पंज ओढावा. बंद केलेली पाकिटे एकावर एक रचून वर एखादे जड पुस्तक ठेवले की काम झाले. हा सगळा प्रकार एकदा हाताला बसला की पट्टी ओढून काढण्यापेक्षा याला फार वेळ लागत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

जिभेने डिंक ओला करणे टाळावे. कागदाची कड जिभेला किंवा ओठाला चिरू शकते, आणि जिभेचा ओलावा पट्ट्यावर सगळीकडे सारखा लागत नाही. शिवाय थुंकीबरोबर आपल्या पेशीही पाकिटावर राहतात आणि वाळलेला डिंक त्या जपून ठेवतो. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर 1993 साली झालेल्या बॉम्बस्फोटाच्या तपासात, जबाबदारी घेणाऱ्या पत्राच्या पाकिटावरील थुंकीतून मिळालेला डीएनए एका आरोपीशी जुळला होता. साध्या पत्रव्यवहारात कोणी एवढे खोलात जात नाही, हे खरे. पण फ्लॅपच्या एवढ्याशा पट्ट्यात काय काय टिकून राहू शकते हे त्यावरून समजते.

डिंकाचे मूळ रूप म्हणजे झाडाचा डिंक. आफ्रिकेतल्या सेनेगल बाभळीच्या सालीतून पाझरणारा डिंक, ज्याला गम अरेबिक म्हणतात, पाण्यात विलक्षण सहज विरघळतो. सुदान हा त्याचा सर्वांत मोठा पुरवठादार राहिला आहे. त्याला स्वस्त पर्याय म्हणून डेक्स्ट्रिन आले. साध्या स्टार्चची खळ शिजवली तर ती थोड्याशा स्टार्चनेच इतकी घट्ट होते की कागदावर तिचा पातळ आणि लवकर वाळणारा थर देणे अवघड जाते. स्टार्च कोरडाच, बहुधा किंचित आम्ल घालून, भाजला की त्याच्या लांब साखळ्या तुटतात, तुकडे नव्याने जोडले जातात, आणि जे तयार होते ते पाण्यात सहज विरघळते. त्याचे दाट द्रावणही पसरण्याजोगे राहते. डब्लिनमधल्या एका कापड गिरणीला 1821 साली लागलेल्या आगीत भाजून निघालेल्या स्टार्चमुळे हा गुण लोकांच्या ध्यानात आला, अशी कथा सांगितली जाते. आजच्या पाकिटांवर डेक्स्ट्रिनमध्ये कृत्रिम रेझिन मिसळून केलेले डिंकही वापरले जातात. वाळलेला थर कडक होऊन तडकू नये म्हणून त्यात ओलावा धरून ठेवणारे पदार्थ थोड्या प्रमाणात घालतात.

पाकिटावर डिंक येण्याआधी पत्रे लाखेने मोहोरबंद करीत, किंवा पीठ आणि रंग यांपासून बनवलेल्या पातळ चकत्या ओल्या करून घडीत दाबत. मुळात पाकीट ही वस्तूच फारशी वापरात नव्हती. ब्रिटनमध्ये टपालाचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर अवलंबून असल्याने पाकीट म्हणजे आणखी एका कागदाचा भुर्दंड होता. त्यामुळे लोक पत्राचीच घडी घालून त्यावर पत्ता लिहीत. 1840 मध्ये वजनावर आधारलेला एकसमान पेनी दर लागू झाला आणि ही अडचण दूर झाली. त्या सुधारणेचा पुरस्कर्ता रोलंड हिल याने 1837 मध्येच, मागच्या बाजूला चिकट लेप दिलेला आणि थोड्या ओलाव्याने पत्राला लावता येणारा कागदाचा लहान तुकडा सुचवला होता. त्यातून मे 1840 मध्ये पेनी ब्लॅक हे तिकीट आले. ओलावा दिला की चिकटणारा कागद यामुळे घरोघरी पोचला. रोलंड हिलचा भाऊ एडविन हिल आणि वॉरन द ला रू यांनी 1845 मध्ये पाकिटांच्या घड्या घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि 1851 च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात ते यंत्र लोकांनी पाहिले. फ्लॅपवर आधीच डिंक लावून वाळवलेले पाकीट त्यानंतरच्या काळात रूढ झाले.

आता प्रतिस्पर्ध्यांकडे येतो. एका प्रकारात फ्लॅपवर आणि पाकिटाच्या अंगावर असे दोन्हीकडे रबराच्या चिकाचे पट्टे असतात. ते कागदाला न चिकटता एकमेकांना चिकटतात, म्हणून दाबले की पाकीट बंद होते. सोय उत्तम आहे, पण रबराचा चीक हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू कडक होतो, त्यावर धूळ बसते, आणि साधारण वर्षभर पडून राहिलेल्या गठ्ठ्यातली पाकिटे नीट बंद होतील याची खात्री देता येत नाही. दुसरा प्रकार पट्टी ओढून काढायच्या पाकिटांचा. त्यांतला गोंद कायमच मऊ आणि चिकट असतो, आणि त्याला झाकून ठेवण्यासाठी सिलिकॉनचा लेप दिलेली पट्टी लागते. तो कागदात शिरून तंतूंशी एकजीव होण्यापेक्षा पृष्ठभागाला धरून राहतो. जो गोंद वाळतच नाही, तो वाहण्याचेही थांबत नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याने 1974 मध्ये नाताळासाठी स्वतःहून चिकटणारे एक तिकीट प्रायोगिक म्हणून काढले होते. त्यातला गोंद कालांतराने कागदातून वर झिरपला आणि तिकिटांवर तपकिरी डाग पडले. त्यानंतरचे गोंद पुष्कळ सुधारले आहेत, हे मान्य. तरीही कोरडा डिंक वर्षानुवर्षे थिजलेला राहतो आणि हवे तेव्हाच जागा होतो, ही गोष्ट त्याला एक वेगळीच निश्चिंती देते.

मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांनी डिंकाची साथ सोडलेली नाही, ती याच कारणाने. पत्रे घडी करून पाकिटात भरणारी यंत्रे फ्लॅप उघडा ठेवून पाकीट पुढे सरकवतात, ओल्या ब्रशवरून किंवा फेल्टवरून तो पट्टा नेतात, फ्लॅप दुमडतात आणि रूळांमधून दाबून बाहेर टाकतात. तिथे पाणी हा अडथळा ठरत नाही, कारण ते टाकीतून आपोआप येते. उलट पट्ट्या ओढत बसणे आणि त्यांचा कचरा बाजूला काढणे यंत्राला परवडत नाही, आणि आधीच चिकट असलेला गोंद रूळांना लागला तर यंत्र थांबवून साफ करावे लागते. कोरडा डिंक यंत्रातून गुपचूप सरकतो आणि ओला होतो तो अगदी शेवटच्या टप्प्यावर.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र डिंकाचे गुणगान जपून करावे लागते. फाटलेले तंतू छेडछाड उघड करतात हे खरे, पण ज्याने पाकीट बंद झाले तेच पाणी ते उघडूही शकते. वाफेवर धरलेला फ्लॅप मऊ होऊन सुटतो, ही युक्ती फार जुनी आहे. वाफेने कागद फुगतो, सुरकुततो, कधी शाई पसरते, डिंकाचा पट्टा असमान होतो, आणि लक्ष देऊन पाहणाऱ्याला हे सगळे दिसते. पण टपालातून आलेल्या प्रत्येक पाकिटाकडे इतके लक्ष देऊन कोण पाहतो? म्हणून आतला मजकूर खरोखर गुप्त असेल तर नुसत्या डिंकावर भिस्त ठेवू नये. फ्लॅपच्या सांध्यावर सही करावी किंवा छेडछाड दाखवणारी खास पट्टी लावावी. रोजच्या पत्रांसाठी मात्र कागद फाटल्याशिवाय पाकीट उघडत नाही, एवढी हमी पुरेशी असते.

कागदाच्या पुनर्वापरात डिंकाचा पाण्याशी असलेला स्नेह पुन्हा उपयोगी पडतो. रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात तेव्हा डेक्स्ट्रिन विरघळून पाण्याबरोबर निघून जातो. कायम चिकट राहणारे गोंद पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचे बारीक गोळे लगद्यात फिरत राहतात, जाळ्यांना आणि रूळांना लागतात आणि नव्या कागदावर डाग किंवा भोके पाडतात. कागद गिरण्यांना ही जुनी डोकेदुखी आहे. त्यात सिलिकॉनचा लेप दिलेली ओढून काढलेली पट्टी ही आणखी एक वस्तू कचऱ्यात जाते, आणि ती नेहमीच्या रद्दीत सहज मुरत नाही. जुन्या कागदपत्रांची निगा राखणारेही याच तत्त्वाला धरून असतात. दुरुस्तीसाठी ते पाण्याने पुन्हा सोडवता येईल अशी स्टार्चची खळ पसंत करतात आणि चिकटपट्टीपासून चार हात दूर राहतात.

डिंक सगळीकडे चालतो असे मात्र नाही. प्लॅस्टिकच्या किंवा चकचकीत लेप दिलेल्या कागदाच्या पाकिटाला पाणी शोषता येत नाही, त्यामुळे डिंकातले पाणी निघून जायला वाट उरत नाही आणि सांधा तसाच ओला पडून राहतो. आतला मजकूर फार जाड असेल तर फ्लॅपवर सतत ताण येतो आणि डिंक घट्ट होण्याआधीच तो उचलला जातो. तिथे पट्टीचे पाकीट किंवा दोऱ्याचे पाकीट बरे. पाण्याचा थेंबही चालणार नाही असे छायाचित्र किंवा शाईचे चित्र आत असेल तर स्पंज हातात घेताना दोनदा विचार करावा.

सर्वांत जास्त जपायचे ते दमट हवेपासून. डिंक आपल्या हातच्या पाण्याची वाट पाहतो, तसा हवेतला ओलावाही टिपतो. हवा फार दमट झाली की फ्लॅप बंद अवस्थेतच चिकटून बसतात आणि रिकामी पाकिटे वाया जातात. हवा कोरडी आणि दमट अशी सारखी बदलत राहिली तर वेगळाच त्रास होतो: डिंकाचा थर आणि कागद कमीअधिक आकसतात, आणि फ्लॅप डिंकाच्या बाजूला वळून सुरळीसारखा होतो. गठ्ठा मूळ वेष्टनातच ठेवावा, भिंतीला किंवा जमिनीला टेकवू नये, आणि एकावर एक फार उंच रचू नये, कारण दाब आणि ओलावा एकत्र आले की चिकटण्याचा वेग वाढतो. फ्लॅप हलकेच चिकटला असेल तर पातळ, बोथट सुरी कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेतून सरकवून तो बहुधा सोडवता येतो. डिंकाचा पट्टा शाबूत दिसला तर ते पाकीट पुन्हा ओले करून वापरता येते, आणि पट्ट्यावर कागदाचे तंतू अडकलेले दिसले तर त्यावर खळीचे एक बोट फिरवून घ्यावे लागते.